विश्लेषण : पूर ओसरल्यावर गाडी का गंजते? घरच्या घरी काय करता येईल?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले. घरे-दुकानांबरोबर पार्किंगमधल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. इंजिनातला बिघड लगेच कळतो. पत्र्यातला गंज मात्र आतून पोखरत राहतो आणि अनेक महिन्यांनी बाहेर दिसतो. थोडी नियमित निगा राखली, तर हे नुकसान बरेच टाळता येते.

गंज नेमका कसा लागतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात क्षार असतील तर ही क्रिया वेग घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगतो. म्हणजे रंगाला फोड दिसला, तेव्हा खालचा पत्रा आधीच खराब झालेला असतो.

सांगली परिसरात काळजी जास्त का?

पुराचे पाणी उतरते, पण गाळ गाडीच्या सांदीकोपऱ्यात राहतो. कृष्णाकाठची काळी चिकण माती ओल धरून ठेवते. मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत क्षारपड जमिनीही आहेत. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरचा चिखल चाकांवरच्या कमानीत थापला जातो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलेली गाडी न पुसता वाळू दिली, तर पाणी उडून जाते आणि क्षार पत्र्यावर राहतात. कोकणातून, समुद्रकिनाऱ्यावरून आलेली गाडीही खालून धुवायला हवी.

गंज आधी कुठे धरतो?

दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, दरवाजाखालची पट्टी, डिकीत स्टेपनीची जागा, पायपुसण्याखालचा कार्पेट आणि पुढच्या काचेखालचा पालापाचोळा साठणारा भाग, या जागा आधी तपासाव्यात. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दरवाजात पाणी साचते. प्लास्टिकच्या पातळ काडीने ती मोकळी करावीत. टोकदार लोखंडी तार वापरल्यास रंग खरवडतो.

नियमित काय करावे?

- पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी धुवावी. चाकांच्या कमानी आणि खालचा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने साफ करावा.
- कपडे धुण्याची पावडर टाळावी. तिने रंगावरील मेणाचा थर निघतो. गाडीसाठीचा शाम्पू वापरावा.
- धुतल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसावे. ओल्या गाडीवर कव्हर घालू नये, ओल आत कोंडते.
- ओला कार्पेट काढून उन्हात वाळवावा.
- दर तीन-चार महिन्यांनी वॅक्स लावावे. पावसाळ्याआधी गॅरेजमध्ये खालच्या भागाचे अँटी-रस्ट कोटिंग तपासून घ्यावे. चिखल किंवा गंज तसाच ठेवून त्यावर कोटिंग मारले, तर ओल आतच अडकते.

छोटा डाग दिसला तर?

डाग वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढावा. जागा पुसून पूर्ण कोरडी करावी. बारीक खड्ड्यांत गंज उरला असेल तर रस्ट कन्व्हर्टर लावावा. मग प्रायमर, गाडीच्या रंगाचा टच-अप आणि शेवटी लॅकर, असे थर द्यावेत. प्रत्येक थर वाळू द्यावा. पत्र्याला भोक पडले असेल, किंवा गंज चेसी, ब्रेकचे पाइप, जॅक लावण्याची जागा वा सीटबेल्टच्या जोडांवर असेल, तर घरगुती उपाय करू नयेत. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

काय टाळावे?

खालून जुने इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत घातक आहे. त्याने रबरी भाग खराब होतात, ब्रेकवर तेल गेल्यास गाडी थांबत नाही आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडल्यास आगीचा धोका असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी धुतल्यानंतर ब्रेकच्या डिस्कवर दिसणारा तांबूस थर मात्र साधा असतो, ब्रेक काही वेळा लावताच तो निघून जातो.

गाडी पुरात बुडाली तर?

चावी फिरवू नये. इंजिनात पाणी असेल तर ते निकामी होऊ शकते. आधी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरले जाते, केवळ थर्ड पार्टी विम्यात नाही. कालांतराने हळूहळू लागलेला गंज सहसा भरपाईत बसत नाही, म्हणून उशीर करू नये.

जुनी गाडी घेताना?

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाचे डाग आहेत का, ते पाहावे. सीटच्या खालच्या पट्ट्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि स्टेपनीची जागा टॉर्च लावून तपासावी. वरून नवा रंग मारता येतो, पण या जागांवर सहसा कोणी हात फिरवत नाही. पूर पाहिलेली गाडी तिथेच ओळखू येते.