किराणा भांडाराच्या नफ्यातून गावकार्य

शेतकरी कुटुंबाचा साखर, चहा, तेल, साबण यांवरील खर्च वर्षभर चालूच असतो. माल विकला की पैसा गावात येतो आणि किराण्याच्या वाटेने त्यातला बराचसा बाहेर जातो. हा पैसा ज्या दुकानातून फिरतो, त्याच्या नफ्यातला काही भाग गावच्या शाळेला, दवाखान्याला किंवा अडलेल्या कुटुंबाला मिळू शकतो. मात्र तो दुकानदाराच्या किंवा चेअरमनच्या मर्जीने मिळणे वेगळे आणि नियमाने मिळणे वेगळे. मर्जीची देणगी उत्सवाच्या वर्गणीत संपते. नियमाने बाजूला काढलेली रक्कम दरवर्षी येते आणि तिचा हिशेब मागता येतो.

ही पद्धत बसविली ती इंग्लंडमधील रॉचडेल या कापड गिरण्यांच्या गावी. तेथील २८ विणकर व इतर कारागिरांनी प्रत्येकी एक पौंड भाग जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. मैदा, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात खडू किंवा तुरटी मिसळणे सर्रास चाले, म्हणून शुद्ध माल आणि पुरे माप हा त्यांचा पहिला नियम. विक्री बाजारभावाने व रोखीने होई, आणि दर तिमाहीचा वाढावा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत दिला जाई. पुढे १८५० च्या दशकात वाढाव्यातील शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी राखण्याचा नियम झाला. त्यातून वाचनालय आणि ग्रंथालय चालले.

या दुकानाची खरी कसोटी १८६१ नंतर लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. (याच वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला चढा भाव मिळाला व युद्ध संपताच तो कोसळला, हे आपल्याकडील जुन्या शेतकरी घराण्यांत ऐकायला मिळते.) रॉचडेलच्या दुकानाची विक्री घटली, पण दुकान बुडाले नाही. कामगारांनी परताव्याची रक्कम वर्षानुवर्षे दुकानातच ठेवलेली होती. ती काढून अनेकांनी बेकारीचे दिवस काढले. आमच्या मते हे साहाय्य कोणत्याही देणगीपेक्षा मोठे होते, कारण त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

महाराष्ट्रात कोणता आधार आहे?

आपल्याकडे ग्राहक भांडारांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या नायगाव भागात १९४८ साली कामगारांनी सुरू केलेला अपना बाजार आणि कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा वारणा बाजार ही दोन नावे बहुतेकांना ठाऊक आहेत. गावपातळीवर विविध कार्यकारी सेवा सोसायटी खताबरोबर किराणाही विकू शकते. प्राथमिक सोसायट्यांनी अनेक प्रकारचे व्यवसाय करावेत म्हणून केंद्र शासनाने २०२३ मध्ये आदर्श उपविधी तयार केले आहेत.

नफ्याच्या वाटपाबाबत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० स्पष्ट आहे. निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीला न्यावा लागतो. शिक्षण निधीची वर्गणी द्यावी लागते. त्यानंतर कलम ६९ प्रमाणे निव्वळ नफ्याच्या शेकडा २० पर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. ती खर्च करण्यासाठी शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेची मान्यता लागते. भागावरील लाभांश निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय शेकडा १५ पेक्षा जास्त देता येत नाही.

उदाहरणाने पाहू. समजा, एका भांडाराला वर्षाला एक लाख रुपये निव्वळ नफा झाला आणि त्याचे भागभांडवलही एक लाख आहे. २५ हजार राखीव निधीला गेले. गावकार्याला जास्तीत जास्त २० हजार. लाभांश पूर्ण दिला तरी १५ हजार. शिल्लक सुमारे ४० हजारांतून शिक्षण निधीची वर्गणी वजा जाता उरलेली रक्कम खरेदीच्या प्रमाणात परत देता येईल. सभासदांची एकूण खरेदी २० लाखांची असेल, तर शंभर रुपयांमागे दोन रुपयांच्या आतबाहेर परतावा पडतो. रक्कम लहान दिसते, पण वर्षाला ६० हजारांचा किराणा नेणाऱ्या घराला ती हजार-बाराशे रुपये होते.

पहिली दोन-तीन वर्षे मात्र २० टक्क्यांचा आग्रह धरू नये. तेव्हा राखीव निधी वाढू द्यावा.

उधारी हा खरा रोग

गावची भांडारे बंद पडतात ती बहुधा उधारीमुळे. लेखापरीक्षणात नफा दिसतो, परंतु तो खातेवहीतील येण्यात अडकलेला असतो. सभेत शाळेच्या खोलीसाठी १० हजार मंजूर होतात आणि गल्ल्यात तेवढी रोकड नसते. मग व्यापाऱ्याचे देणे थकवून देणगी दिली जाते व पुढच्या खेपेला माल महाग पडतो. म्हणून देणगीचा ठराव करण्यापूर्वी येणे बाकी व रोख शिल्लक यांचे आकडे सभेत वाचून दाखवावेत. हंगामापूर्वी अडचणीत असलेल्या घरांना उधार द्यावेच लागते, हे खरे आहे. पण त्यासाठी मर्यादा ठरवावी, मुदत पीक विक्रीशी जोडावी आणि संचालकांना वेगळा नियम लावू नये.

देणगीपेक्षा मोठी मदत खरेदीतून होते. भांडाराने तूरडाळ, गूळ, तांदूळ, हळद हा माल परिसरातील शेतकऱ्यांकडून किंवा महिला बचत गटाकडून घेतला, तर पाच लाखांच्या खरेदीचा बराच भाग गावातच राहतो. त्यापुढे २० हजारांची देणगी लहान वाटते. मात्र शेतकऱ्यानेही माल वाळवून, चाळून, प्रतवारी करून द्यावा. भांडार आपलेच आहे म्हणून ओली डाळ खपवू नये.

उरलेला खाद्यमाल वसतिगृहाला किंवा गरजूंना द्यायचा असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच द्यावा. शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९ चे विनियम आहेत. दिलेल्या मालाची नोंद ठेवावी. कीड लागलेले धान्य किंवा खवट तेल दान म्हणून देऊ नये.

भांडाराच्या सभासदांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी ताळेबंदाची प्रत मागून घ्यावी. त्यात राखीव निधी, येणे उधारी आणि गावकार्याचा निधी हे तीन आकडे प्रथम पाहावेत व मागील वर्षाच्या आकड्यांशी ताडून घ्यावेत.