पुस्तकांच्या दुकानात गुरुवारी संध्याकाळी

अटलांटा शहराला लागून डिकेटर नावाचं गाव आहे. तिथे ॲग्नेस स्कॉट या महिला महाविद्यालयाला चिकटून ‘कॅरिस बुक्स अँड मोअर’ हे पुस्तकांचं दुकान आहे. माझी मुलगी जवळच राहते. तिच्या बाळंतपणाला गेले तेव्हा गाडी चालवता येत नसल्यामुळे पायी पोचता येईल तेवढीच अमेरिका माझ्या वाट्याला आली. त्यात हे दुकान होतं, हे माझं नशीब. माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून झाली. कपाट दिसलं की आधी ते कसं लावलंय ते बघायचं, ही खोड अजून गेलेली नाही.

दुकान ‘स्त्रीवादी’ आहे म्हणजे नक्की काय, असं मी जावयाला विचारलं. “आई, तिथे लहान मुलांची पुस्तकंही खूप चांगली मिळतात,” एवढंच तो म्हणाला. उत्तर टाळलंय हे कळत होतं, पण खोटं नव्हतं. बालविभाग खरोखरच मोठा आहे. कोणती गोष्ट मुलींच्या हाती द्यावी आणि कोणती मुलांच्या, असा भेद तिथे केलेला नाही. शेजारी कादंबऱ्या, कविता, कृष्णवर्णीय लेखिकांची भरगच्च कपाटं, समलिंगी आणि ट्रान्स लेखकांची पुस्तकं, आणि कॉलेजची क्रमिक पुस्तकंसुद्धा.

या दुकानाची कुंडली अशी. लिंडा ब्रायंट आणि बार्बरा बोर्गमन यांनी १९७४ मध्ये अटलांटातल्या लिटल फाइव्ह पॉइंट्स या भागात ते सुरू केलं. अमेरिकेत तेव्हा बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या पुस्तकांच्या दुकानांची लाटच आली होती. मिनियापोलिसचं ‘ॲमेझॉन’ १९७० पासून चालू होतं. हो, ॲमेझॉनच, त्या नावाच्या ऑनलाइन बाजारपेठेचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पुढे १९९९ मध्ये नावावरून कोर्टकचेरी झाली आणि तडजोडीवर मिटली. १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेत अशी शंभराहून जास्त दुकानं होती. मग मोठ्या साखळी दुकानांनी आणि पाठोपाठ इंटरनेटने त्यांना गिळलं. टोरोंटोचं विमेन्स बुकस्टोअर १९८३ मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीतून उठून उभं राहिलं होतं, पण २०१२ मध्ये त्यालाही कुलूप लागलं. उरली ती डझनभर. कॅरिस त्यातलं एक.

ते का उरलं, याचं उत्तर मला दुकानाच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात सापडलं.

पुस्तकाच्या धंद्याचं गणित आपल्याकडे आणि तिकडे फारसं वेगळं नाही. प्रकाशकाकडून दुकानदाराला छापील किमतीवर साधारण चाळीस टक्के सूट मिळते. त्यातून भाडं, पगार, वीज. ऑनलाइनवाला तेच पुस्तक आणखी स्वस्तात घरपोच देतो. निव्वळ विक्रीवर असं दुकान चालवणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. कॅरिसच्या बायकांनी १९९६ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली: दुकानाशेजारी ‘कॅरिस सर्कल’ नावाची ना-नफा संस्था काढली. पुस्तकं दुकान विकतं, कार्यक्रम संस्था करते. संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, आपल्याकडे आयकरात मिळते तशी. २०१९ मध्ये दुकान जुनी जागा सोडून कॉलेजशेजारी आलं आणि कॉलेजची पुस्तकं विकण्याचं कामही त्याला मिळालं. म्हणजे दरवर्षी नव्या विद्यार्थिनी आपसूक दारात. हा सौदा ज्यांनी जमवला त्यांना मी मनातून दाद दिली.

गुरुवार संध्याकाळ ही या दुकानाची जुनी वहिवाट. मी गेले त्या गुरुवारी एका लेखिकेचं नवं पुस्तक होतं. मधली जागा मोकळी करून घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दारात एक मुलगी नाव लिहून घेत होती. शेजारी देणगीची पेटी, इच्छा असेल तर टाका. प्रवेश फुकट. निवेदन करणारीने स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी सांगितलं, लेखिकेची ओळख चार वाक्यांत उरकली आणि ती बाजूला झाली. शाल नाही, श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन नाही, अध्यक्षीय समारोप नाही! लेखिकेने थोडं वाचलं, दुसऱ्या एका लेखिकेने तिला प्रश्न विचारले, मग श्रोत्यांची पाळी. तेव्हा निवेदिका हसत म्हणाली, प्रश्न विचारा, भाषण करू नका. हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. आमच्या वाचनालयात आभार मानणारा मुख्य वक्त्यापेक्षा जास्त वेळ घेत असे.

शेवटी सहीसाठी रांग. ज्यांनी पुस्तक घेतलं नाही त्यांच्याकडे कुणी डोळे वटारले नाहीत. मीही घेतलं नव्हतं. डॉलरला रुपयाने गुणायची सवय सुटत नाही.

लेखिकांच्या संध्याकाळी हा वेळापत्रकाचा दिसणारा भाग. मला जास्त मोलाचे वाटले ते महिनोन्‌महिने चालणारे गट. एखाद्या गटात सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं. एखाद्यात पालकांनी मुलांशी वर्णभेदाबद्दल कसं बोलायचं याची चर्चा. ट्रान्स तरुण मुलामुलींसाठी आणि त्यांच्या जिवलगांसाठी वेगळी बैठक असते. अशा काही बैठका सगळ्यांना खुल्या नसतात, आणि ते बरोबरच आहे. ज्यांच्याकडे लोक आयुष्यभर टक लावून बघत आले, त्यांना तासभर तरी बघ्यांशिवाय बसता यायला हवं.

मग लेखनाच्या कार्यशाळा आणि अभ्यासवर्ग. त्यांना जागा मोजक्या असतात, नाव आधी नोंदवावं लागतं. अशा दुकानांत फीचे बऱ्याचदा दोन-तीन टप्पे ठेवतात. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टप्पा निवडायचा, कुणी पगाराची चिठ्ठी मागत नाही. मी मुलीला म्हटलं, सगळे सगळ्यात कमी भरत असतील. ती म्हणाली, तसं होत नाही. माझा विश्वास बसायला वेळ लागला.

ॲग्नेस स्कॉट कॉलेजचं स्थापनावर्ष १८८९ आहे हे वाचलं आणि पंडिता रमाबाई आठवल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याआधी अमेरिकाभर फिरून त्यांनी व्याख्यानं दिली होती, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ चं स्वतःचं पुस्तक विकलं होतं आणि जमलेल्या पैशातून, मित्रमंडळींच्या देणग्यांतून सदनाची सोय लावली होती. पुस्तक, व्याख्यान आणि वर्गणी या तिन्हींची मोट बांधून बायकांसाठी जागा उभी करायची, ही युक्ती आपल्या माणसाने तिकडे जाऊन केव्हाच करून दाखवली आहे.

भारतातही असं दुकान झालं. बंगळुरूला ‘विमोचना’ या स्त्रियांच्या गटाने १९८० च्या दशकात ‘स्त्रीलेखा’ काढलं होतं. महाराष्ट्रात मासिकांनी हे काम केलं. ‘स्त्री’ने १९३० पासून, आणि विद्या बाळांनी १९८९ मध्ये काढलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने तर वाचकांना एकमेकींशी बोलतं केलं. पण मासिक घरी येतं. तिऱ्हाईत बाई संध्याकाळी सहज आत शिरून खुर्चीत बसेल, असं ठिकाण त्यातून होत नाही.

ठिकाणं मात्र आपल्याकडे आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालयं गावोगावी उभी आहेत. बहुतेकांत महिला विभाग असतो. त्याचा वर्षाचा कार्यक्रम म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू आणि ८ मार्चचा सत्कार. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं की नाही यावर अजूनही कुजबुज होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्याख्यानमाला संपली की सभागृहाला कुलूप लागतं, ते लग्नाच्या मुहूर्तांना तेवढं उघडतं.

वाचनालयांच्या कार्यकारिणीवरच्या मंडळींना माझी विनंती आहे: महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि ती मोडू नका. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ किंवा बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ घ्या, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ घ्या. प्रती कमी पडल्या तर वाचून दाखवा. पहिल्या खेपेला चौघीच आल्या तरी पुढच्या महिन्याची तारीख फळ्यावर लिहूनच दिवे बंद करा. यासाठी वेगळं अनुदान लागत नाही.