काजळी, डिंक आणि मोत्यांच्या ओळी

पालेगावच्या आमच्या घरी एका दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पोथीचं एक पान ओल्या फडक्याने पुसलं गेलं. हेतू धूळ काढण्याचा होता. फडकं काळं झालं आणि चार ओळी धूसर. पणजोबांच्या आधीपासून न विटलेलं अक्षर एका पुसण्यात गेलं कसं, या प्रश्नाने मी जुन्या शाईच्या मागे लागलो.

पोथ्यांची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि डिंक. काजळी हा कार्बन. उन्हाने तो उडत नाही. पण काजळी कागदाला रंगवत नाही, नुसती त्यावर बसते. तिला धरून ठेवतो बाभळीचा डिंक, आणि तो पाण्यात विरघळतो.

मी ही शाई करून पाहिली. तिळाच्या तेलाची पणती, वर पालथं तांब्याचं ताट. रात्रभरात जेमतेम चमचाभर काजळी. ती पाण्यात टाकली तर तेलकटपणामुळे तरंगते, म्हणून आधी घट्ट डिंकात खलायची. हात भरून येईपर्यंत खलायची, कारण प्रत्येक कणाला डिंक लागला नाही तर शाईत गुठळ्या होतात. जैन लेखकांच्या परंपरेत काजळीइतकाच बोळ, त्याच्या दुप्पट डिंक आणि माक्याचा रस असं प्रमाण सांगतात. माझी शाई श्रावणातली. चौथ्या दिवशी दौतीत बुरशी!

जपानी कारागिरांपुढे हीच अडचण निराळ्या रूपात असते. नारा शहरात १५७७ पासून चालत आलेलं ‘कोबाइएन’ हे शाईघर आहे. तिथेही तेलाचे दिवे, वर मातीची झाकणं, त्यांवर धरलेली काजळी. पण डिंकाऐवजी जनावराच्या कातड्या-हाडांचा सरस. तो उकाड्यात नासतो, म्हणून काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. मळलेला गोळा लाकडी साच्यात दाबून वडी पाडतात आणि ती राखेत हळूहळू सुकवतात. लिहिताना वडी दगडावर पाण्यात उगाळायची, आपण चंदन उगाळतो तशी.

वाळवून ठेवण्याची युक्ती आपल्याकडेही होती. दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ देशोदेशीचे बोरू आणायला, हिंगूळ जवळ ठेवायला आणि मस भिजवून, वाळवून तिचा संग्रह करायला सांगतात. पोथीसाठी बासनं, मेणकापडं, पेट्या, कुलपंही सांगतात. मेणकापड कशासाठी, हे मला ते पान पुसलं गेल्यावर कळलं. त्याच समासात काळ्या कुळकुळीत ओळींना मोत्यांच्या माळांची उपमा आहे. मला ती नुसता अलंकार वाटत नाही. दाट शाई कागदावर वाळते तेव्हा अक्षर किंचित उंच राहतं. पान तिरप्या उजेडात धरलं की ते मण्यासारखं चमकतं.

पाण्याला न भिणारी शाईही होती, हिरडा आणि हिराकस यांची. ती कागदात मुरते, पण तिच्यातलं आम्ल कागदालाच खातं. आमच्या पेटीतल्या एका बाडात ओळी तपकिरी पडल्यात आणि काही अक्षरांच्या जागी भोकं आहेत. म्हणून मला काजळीचीच शाई भली वाटते. तिला फक्त पाण्यापासून जपलं की झालं.

आता पोथीवरची धूळ मी कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडतो. पुसलेलं पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवलंय. खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तर चौथी ओळ अजून लागते. वरच्या तीन लागत नाहीत.