उंदीर येतो तो दाण्यासाठी

आम्ही खापरखेड्याच्या बचत गटातून बोलतोय. आजचा विषय आहे खुराड्यातले उंदीर. परसात कोंबड्या पाळल्या आणि उंदरानं कधी रडवलं नाही, अशी बाई आपल्यात क्वचितच असेल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज उचलून गावरान कोंबडीची वीस पिलं आणली. पंधरा दिवसांत तेरा उरली. आधी मांजरावर संशय गेला, मग मुंगसावर. एका सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात बीळ दिसलं आणि बिळाच्या तोंडाशी पिलाची पिसं. रागाच्या भरात ताईंनी कणकेच्या गोळ्यांत उंदराचं औषध कालवून तिथं ठेवलं. आपण औषध म्हणतो, पण ते विषच. दुसऱ्या दिवशी उंदीर मेलेला दिसला नाही, अंड्यावरच्या दोन कोंबड्या मात्र मेल्या. उरलेला एक गोळा रांगत्या नातीच्या हाताशी पडला होता. घरच्यांनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. हप्ता मात्र भरावाच लागला.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही सगळ्याजणी एकाच प्रश्नावर बसलो, उंदीर मुळात येतो कशाला? उत्तर सोपं आहे. तो येतो दाण्यासाठी. रात्री भांड्यात उरलेली कनकी, जमिनीवर सांडलेली ज्वारी, कोपऱ्यात ठेवलेलं खाद्याचं पोतं, हे त्याचं रोजचं जेवण. अंडं आणि पिलू त्याला वरून मिळतं. मोठा उंदीर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम दाणा खातो. कोंडून पाळलेल्या मोठ्या कोंबडीला साधारण शंभर ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे चार-पाच उंदीर एका कोंबडीचं खाद्य फस्त करतात, आणि अंडं काही देत नाहीत!

शिवाय उंदरीण तीन आठवड्यांत वितेच, एका वेळी सहा-आठ पिलं सहज. तीन महिन्यांत त्या पिलांनाही पिलं होतात. दाणा मिळत राहिला तर दोन मारले तरी चार येतात. म्हणून आधी त्याचं जेवण बंद करायचं, मग घर, आणि शेवटी पिंजरा. हा क्रम उलटा केला तर मेहनत वाया जाते.

पहिलं, जेवण. कोंबड्यांना सकाळ-संध्याकाळ अर्ध्या तासात संपेल एवढंच टाका. दिवस मावळायच्या आत भांडी उचला, सांडलेलं झाडून घ्या. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिपात ठेवा. पोतं आणि प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, रात्री एकही मागे ठेवू नका.

दुसरं, घर. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांचा ढीग आपण खुराड्याला टेकून रचतो. उंदराला याहून चांगली जागा नाही. खुराड्याभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवा. सरपण मचाणावर रचा. उघड्यावर पळायला उंदीर भितो.

खुराडं शक्यतो जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच घ्या, भिंतीपासून दूर. पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळा, म्हणजे त्याला चढता येत नाही. खुराडं जमिनीवरच असेल तर तळ पक्का करा. आपल्याकडे वीज केंद्राच्या राखेच्या विटा मिळतात, त्यांचा ओटा बांधून वरून सिमेंट फिरवा. जाळी घेताना बारीक घ्या, अर्ध्या इंचाची, तारेची. मोठ्या भोकाची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. आपला अंगठा जाईल एवढ्या फटीतून तो आत शिरतो.

बीळ चालू आहे की जुनं, हे ओळखायची युक्ती सांगतो. संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीनं बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील ती चालू. पिंजरा तिथंच, भिंतीच्या कडेला लावा, कारण उंदीर भिंत धरून पळतो. नवी वस्तू दिसली की तो बिचकतो. म्हणून दोन-तीन रात्री पिंजरा न ताणता, आत भजं किंवा सुकट ठेवून नुसताच राहू द्या. तो खायला सरावला की मग ताणा. बिळं रिकामी झाल्यावर खडी-सिमेंटनं कायमची बुजवा.

आता विषाबद्दल. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो, आणि त्यावर उतारा नाही. ते घरात आणि खुराड्याजवळ ठेवायचंच नाही. ब्रोमॅडिओलोन सावकाश मारतं, पण मरायला टेकलेला उंदीर मांजरानं किंवा कोंबडीनं खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. शेतात वापरायचं झालं तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच. चुकून लेकरानं खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो. 2005 च्या जुलैमध्ये मुंबईत पूर आला, त्यानंतर या आजारानं माणसं दगावली. पावसाळ्यात अनवाणी पायांनी खुराडं झाडू नका. पायात बूट, हातात मोजे घाला. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका, खोल पुरा. आणि धामण दिसली तर मारू नका, ती बिनविषारी आहे. ती आणि गव्हाणी घुबड रात्रंदिवस आपलंच काम करतात. कोंबड्यांपुरती जाळी पक्की ठेवली की झालं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एकीनं बंदोबस्त केला तर उंदीर शेजारणीकडे जातो, आणि महिन्याभरात परत येतो. म्हणून आम्ही आमच्या गल्लीत एकच दिवस ठरवला. त्या संध्याकाळी सगळ्या घरांनी भांडी उचलली, बिळं बुजवली आणि एकमेकींचे पिंजरे वाटून घेतले. सोयाबीन निघालं, शेतं रिकामी झाली की उंदीर घराकडे वळतात. त्याच्या आधी हे काम उरका.

त्या ताईंच्या उरलेल्या पिलांपैकी त्यानंतर एकही उंदरानं नेलं नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबानंतर एवढंच विचारा: आज रात्री कोणाकोणाच्या खुराड्यात दाणा उरलाय? तिथूनच सुरुवात करा.