हाडांतली बारीक रक्तवाट

पावसाळ्यात पेण-रोह्याकडे अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. घरातली दादी वुझूला उठते, पाय सरकतो. पडणे तसे किरकोळच, पण खुब्याचे हाड मोडते. दोष शेवाळाला जातो. खरे तर ते हाड कित्येक वर्षे आतून विरळ होत आलेले असते. यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये ही झीज झपाट्याने होते.

‘कॅल्शियम कमी पडले’ एवढेच आपल्याला ठाऊक असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हाड म्हणजे सुके लाकूड नव्हे. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि जुने हाड काढून नवे भरण्याचे काम जन्मभर चालते. २०१४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टरच्या माक्स प्लांक संस्थेत अंजली कुसुंबे आणि राल्फ अ‍ॅडम्स यांनी उंदरांच्या हाडांत खास प्रकारच्या सूक्ष्म वाहिन्या ओळखल्या. त्यांना ‘एच’ प्रकार असे नाव मिळाले. कुसुंबे यांनी पीएच.डी. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये केली, हे मुद्दाम सांगतो. आपल्या मुलींच्या कानावर पडलेले बरे. हाड घडवणाऱ्या पेशी ज्यांपासून तयार होतात, त्या या वाहिन्यांभोवतीच गोळा झालेल्या असतात. वय वाढते तशा वाहिन्या घटतात आणि त्या पेशीही.

२०१६ मध्ये याच गटाने पुढचा दुवा दाखवला. म्हाताऱ्या उंदरांच्या हाडांतला रक्तप्रवाहच मंदावलेला होता. प्रवाह मंदावला की वाहिन्यांच्या अस्तरातला ‘नॉच’ नावाचा संदेश क्षीण होतो, नव्या वाहिन्या फुटत नाहीत, नवे हाडही धरत नाही. तो संदेश जनुकीय उपायाने पुन्हा जागवल्यावर हाड बनणे सुधारले. ठिसूळ हाडांसाठी डॉक्टर देतात त्या बिस्फॉस्फोनेट औषधानेही प्रवाह वाढला.

हे सारे उंदरांतले. उद्या कोणी ‘हाडांतले रक्त वाढवणारे’ तेल दारावर घेऊन आला, तर पैसे बटव्यातच राहू द्या.

आज हाती आहे ते जुनेच. दिवसभर पोह्यांचे पापड लाटत बसणाऱ्या बाईने रोज थोडे चालावे, कारण भार पडला तरच हाड टिकते. मिश्री सोडावी, तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी आणि नाचणीची भाकरी ताटात असावी. अंगावर ऊन घ्यावे. घराच्या मागच्या अंगणातही ते मिळते. पासष्टी ओलांडलेल्या बाईने आणि किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या कोणीही डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस.

बिस्फॉस्फोनेटची गोळी सहसा आठवड्यातून एकदा असते. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. रोज्यात ही सकाळची वेळ जमत नाही. म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून वेळ ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.