उत्तरेच्या खोलीतला क्रीम

सकाळी ६.४५

ऑक्टोबरच्या मध्यात इंदूरला साडेसहाच्या सुमारास उजाडतं. ऊन वर चढायच्या आत मी सुदामानगरातल्या घरी पोचते. घरांचे रंग ठरवून देणं हा माझा व्यवसाय, आणि दसरा ते दिवाळी ही आमची सुगी. पाऊस गेलेला असतो, भिंती वाळायला लागलेल्या असतात आणि प्रत्येकाला धनत्रयोदशीच्या आत काम पुरं हवं असतं.

घर जुनं, मराठी, चार माणसांचं. हॉल १२ बाय १४ फुटांचा, उंची १० फूट. मोठी खिडकी उत्तरेला, रस्त्याकडे. भिंतींचा रंग पिस्ता, खाली कोटा फरशी. सासूबाईंना हॉल पांढरा हवा आहे. "लालबाग राजवाड्यासारखा कर गं," त्या म्हणाल्या. सुनेला पांढरा नको. "ताई, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. दुधावरच्या सायीसारखा द्या, पण पिवळा दिसायला नको." दोघींचं मागणं एकमेकींविरुद्ध वाटलं तरी ते एकाच डब्यात बसू शकतं, याची मला खात्री आहे. त्यासाठी आजचा अख्खा दिवस मागून घेतला आहे. क्रीम हा रंग शेडकार्डावरून निवडताच येत नाही. कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा. तोच चार भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, तो उजेड पुन्हा त्याच रंगाच्या भिंतीवरून परततो, आणि कार्डावर फिकट वाटलेला क्रीम खोलीत चांगला पिवळा होऊन बसतो.

आता खिडकीतून येतोय तो निव्वळ आकाशाचा उजेड. निळसर, थंड. खोलीतली पांढरी चादरसुद्धा करडी दिसते आहे. ही वेळ मी चुकवत नाही, कारण आषाढ-श्रावणात ढग धरले की या खोलीत दिवसभर हाच उजेड असणार.

७.१५

काल आमच्या रंगकाम करणाऱ्या उस्तादांनी दोन बाय दोन फुटांचे तीन बोर्ड तयार करून ठेवले आहेत. प्रायमर, वर इमल्शनचे दोन हात, चारी बाजूंना पांढरा काठ सोडलेला. पहिला क्रीम पिवळ्याकडे झुकणारा, दुसरा किंचित गुलाबी, तिसऱ्यात राखाडीचा अगदी अंश. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय यांतला फरक कोणाला सांगता येणार नाही.

नमुना थेट भिंतीवर लावू नका, असं मी प्रत्येक घरी सांगते. जुन्या पिस्त्याला लागून क्रीमचा पट्टा मारला की तो क्रीम गुलाबी दिसायला लागतो. रंग डब्यात जसाच्या तसा असतो, डोळा शेजारच्या रंगाच्या उलट बाजूला झुकतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. धाग्यांचा रंग फिका पडतो अशी विणकरांची तक्रार होती. शोध घेताना त्याला कळलं की रंगात खोट नाही, शेजारचे धागे तसं भासवतात. इंदूरच्या पिस्ता भिंतीवर तेच घडतं.

या वेळच्या उजेडात पहिला, पिवळा बोर्ड सगळ्यांत छान दिसतो. सून लगेच म्हणाली, "हाच." मी वहीत वेळ आणि तिचं मत लिहून ठेवलं.

८.३०

पोहे आले. वर शेव, जिरावण, कांदा, लिंबू. खाता खाता भिंती बघून घेतल्या. खिडकीखाली खार फुटला आहे. बाहेरच्या छज्ज्याची फट आधी बुजवायची, पोपडे खरवडायचे, भिंत पुरती वाळू द्यायची. त्याशिवाय तिथे पुट्टी टिकणार नाही. दारांवर जुना ऑइलपेंट आहे. तो कोरडा घासायचा नाही, हे उस्तादांना बजावलं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पाणी मारून घासायचं, आणि घरातल्या नातवाला त्या दिवशी आत्याकडे पाठवायचं.

११.००

खोली बदलली आहे. उत्तरेची खोली थंड असते, तिला ऊबदार पांढरा द्यावा, असं रंगांची बहुतेक परदेशी पुस्तकं सांगतात. ती लंडनच्या ५१ अक्षांशावर बसून लिहिलेली असतात. इंदूर २२.७ अक्षांशावर. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडं वरून जातं. त्यामुळे मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं ऊन आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीलाही लागतं, आणि आत्ता ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडून फिरतो तेव्हा रस्त्यापलीकडच्या घरांची तोंडं दिवसभर उन्हात न्हातात.

समोरच्या घराने गेल्या वर्षी विटकरी रंग लावला आहे. ते ऊन तिथून उसळून थेट आमच्या हॉलमध्ये येतंय. छतावर बघितलं तर खिडकीजवळ तांबूस पट्टा स्पष्ट दिसतो. मी सुनेला पांढरा कागद हातात देऊन खिडकीशी उभं केलं. तिने कागद खोलीच्या आतल्या कोपऱ्यात नेला, परत आणला, आणि तिला ते स्वतःला दिसलं. गुलाबी बोर्ड आता अंगाच्या रंगाचा वाटू लागला आहे. सकाळचा लाडका पिवळा बोर्ड लोण्याच्या गोळ्याइतका दाट दिसतोय. तिसरा, राखाडीचा अंश असलेला, तेवढा शांत उभा आहे. तांबूस उजेड त्याने पोटात घेतला आणि तरी तो क्रीमच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "हा बरा आहे, पण जड होईल." त्यांची नजर पक्की आहे. जड होणारच.

१२.१५

अन्नपूर्णा रोडवरच्या रंगाच्या दुकानात. मशीनवर तिसऱ्या शेडचं सूत्र काढलं. आधी बेस, म्हणजे पांढरा रंग, त्यात टिंटरचे थेंब: पिवळा ऑक्साइड सगळ्यांत जास्त, लाल ऑक्साइड चिमूटभर, आणि काळ्याचा अगदी स्पर्श. क्रीम सुंदर होतो तो या काळ्यामुळे. तो पिवळ्याची धार मारतो. नुसत्या चकचकीत पिवळ्याने बनवलेला क्रीम लिंबासारखा आंबट दिसतो, म्हणून शेडच्या नावापेक्षा मी सूत्राची चिठ्ठी वाचते. "भिया, यही फार्मूला आधा कर दो," मी सांगितलं. बेस तोच, टिंटर सगळे निम्मे.

बेसची पांढरी ताकद टायटॅनियम डायऑक्साइडची. त्याचं कारखानदारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वे आणि अमेरिकेत सुरू झालं. त्याआधी जगभर सफेदा, जस्त आणि चुना. आपल्या घरांत चुनाच. उस्तादांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली चुन्याचं काम केलेलं आहे. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंक घालायचा. ज्याला पांढरं हवं त्याच्या बादलीत नीळ पडायची, ज्याला ऊब हवी त्याच्या बादलीत पिवडी, इकडच्या बोलीत रामरज. मशीनवर पिवळा ऑक्साइड पडतो तो गुणाने पिवडीचाच भाऊ. दोघांत रंग देणारं लोखंडच. आजच्या पांढऱ्यातली निळी झाक काढायला आम्ही इतकी धडपड करतो, त्याची गुरुकिल्ली वाड्यांतल्या त्या बादलीत होती.

२.३०

नवा बोर्ड वाळेपर्यंत जेवण. ओला रंग वाळल्यावर किंचित गडद होतो, तेव्हा आत्ता त्याकडे बघायचंही नाही.

सासूबाईंशी लालबागेबद्दल बोलणं झालं. तो राजवाडा १८८६ ते १९२१ एवढ्या काळात उभा राहिला. तिथला पांढरा डोळ्यांत भरतो त्याचं कारण शेजारी सोन्याचा मुलामा आहे, संगमरवरी खांब आहेत, छत फार उंच आणि खिडक्या भव्य आहेत. दहा फुटी छताखाली, कोटा फरशीच्या हिरवट करड्या उजेडात, तोच पांढरा मळका दिसेल. आपल्याकडे सोनं नाही, तर ते रंगातच थोडं मिसळून घ्यायचं, असं म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मिसळ, पण मोजून."

मला स्वतःला या बाबतीत माणिकबाग जास्त शिकवते. दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुकार एकार्ट म्यूथेसियस याने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो महाल घडवला. त्याने फर्निचर आणि दिवेही रेखले, गालिचे इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे आले. आज तिथे केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे आणि त्या वस्तू जगभर पांगल्या. पण भिंत, दिवा आणि जमीन यांचा विचार एका वेळी, एकाच डोक्यातून व्हावा, हा धडा आपल्या गावात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे. आपण भिंत आज ठरवतो, ट्यूबलाइट पुढच्या महिन्यात आणतो.

४.४५

निम्म्या सूत्राचा बोर्ड वाळला. तो सोफ्यामागे, मग कोपऱ्यात, मग खिडकीसमोर धरून पाहिला. कोपऱ्यात सावली पडते तिथे रंगाची खरी परीक्षा होते. पिवळट पांढरे कोपऱ्यात हिरवे पडतात, इथे कोटा फरशीमुळे तर जास्तच. हा पडला नाही. सागवानी दाराला टेकवला तेव्हा दार उजळलं. सून काही न बोलता दोन पावलं मागे गेली आणि तिने सासूबाईंकडे बघितलं.

७.१०

अंधार पडल्यावर दिवे. हॉलमध्ये ६५०० केल्विनची थंड पांढरी पट्टी आहे. तिच्याखाली सगळेच बोर्ड मेल्यासारखे, आमचा नवा बोर्डसुद्धा. मी पिशवीतून ३००० केल्विनचा बल्ब काढून लावला. क्रीम परत आला, पण आता जरा जास्तच पिवळा. शेवटी ४००० केल्विनवर जमलं. घरातल्या काकांनी पट्टी अजून नवीन आहे म्हणून कुरकुर केली. ती बाहेर गाडीच्या शेडमध्ये लावायची ठरली. हजारो रुपयांच्या रंगावर रोज संध्याकाळी चुकीचा उजेड पाडायचा, हे मला खरोखर पाहवत नाही.

८.००

हिशेब. चारी भिंतींचे ५२० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता ४५०. दोन हातांना लिटरला ६०-६५ फूट धरले तर साडेसात लिटर. ८ लिटर घेऊ, उरलेला डागडुजीला. फिनिश मॅट. चमक असली की जुन्या भिंतीचे सगळे उंचवटे बाहेर येतात. छताला याच सूत्राचे टिंटर आणखी निम्मे करून. निळसर पांढरं छत वर बसवलं तर खालचा क्रीम जुनाट दिसेल. सगळे डबे एकाच दिवशी, एकाच बॅचचे काढायचे आणि लावायच्या आधी मोठ्या बादलीत ओतून एकत्र करायचे, म्हणजे भिंत अर्ध्यावर रंग बदलणार नाही. सूत्राची चिठ्ठी, बेसचं नाव आणि बॅच क्रमांक मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवायला सुनेकडे दिली. उस्ताद सोमवारी सकाळी छज्ज्याच्या फटीपासून सुरुवात करतील.