जेट ली यांचे पदार्पण आणि त्याचे प्रेक्षक

युद्धकलेवर आधारलेल्या चित्रपटातील नटाचे पदार्पण इतर नटांच्या पदार्पणापेक्षा वेगळ्या कसोटीवर तपासले जाते, कारण अशा नटाकडून प्रेक्षक आधी शरीराच्या कसबाचा पुरावा मागतो आणि अभिनयाचा विचार त्यानंतर करतो. या दोन अपेक्षांमधील ओढाताण १९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘शाओलिन टेंपल’ या चित्रपटाबाबत, म्हणजे जेट ली यांच्या पहिल्या चित्रपटाबाबत, फार ठळकपणे दिसते. चीनमधील प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, हाँगकाँगमधील प्रेक्षकांनी त्याची आपल्याकडील चित्रपटांशी बारकाईने तुलना केली, आणि पाश्चात्य देशांतील रसिकांनी तो उशिरा व पुष्कळदा मागे वळून पाहिला. त्यामुळे त्याविषयीची मते इतकी निरनिराळी झाली की ती सारी एकाच चित्रपटाविषयी आहेत यावर चटकन विश्वास बसू नये. ती मते जिथे जिथे निर्माण झाली त्या परिस्थितीसह तपासली, तर एका नटाच्या गुणदोषांपेक्षा बरेच अधिक हाती लागते.

जेट ली यांचे मूळ नाव ली लिएनजिए असून त्यांचा जन्म १९६३ साली बीजिंगमध्ये झाला. वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांनी वूशूचे शिक्षण घेतले, प्रशिक्षक वू बिन यांच्या हाताखाली ते बीजिंगच्या संघात तयार झाले, १९७४ साली या संघाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी अध्यक्ष निक्सन यांच्यासमोर प्रात्यक्षिके केली, आणि १९७५ ते १९७९ या काळात ते राष्ट्रीय स्पर्धांत सर्वंकष विजेते ठरले. येथे वूशू म्हणजे काय हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील बहुतेक मतभेदांचे मूळ त्यातच आहे. साम्यवादी राजवट आल्यानंतर चीनच्या सरकारने पारंपरिक युद्धकलांना क्रीडाप्रकाराचे रूप दिले. निरनिराळ्या घराण्यांच्या हालचाली एकत्र करून त्यांचे ठरावीक क्रम बांधले, या क्रमांना ‘ताओलू’ म्हणतात, आणि खेळाडू एकट्याने किंवा जोडीदाराबरोबर ते सादर करीत असताना उडीची उंची, तोल, वेग व रेखीवपणा पाहून परीक्षक गुण देतात. प्रत्यक्ष झुंजीचा प्रकार, म्हणजे सांदा, प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला तो १९७९ च्या सुमारास. मराठी वाचकाला हे नाते कुस्ती आणि मल्लखांब यांच्या उदाहरणाने सहज कळेल: मल्लखांब पैलवानाच्या व्यायामातून उभा राहिला, त्यातील प्रत्येक पकड आणि तिढी झुंजणाऱ्या शरीराला घडवते, तरीही आज तो स्वतंत्र प्रात्यक्षिकाचा खेळ आहे आणि मल्लखांबपटूला ‘तू कुस्तीत किती जणांना चीत केलेस’ असे विचारणे गैरलागू ठरते. जेट ली पडद्यावर आले ते अशा प्रात्यक्षिकाचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून.

चित्रपटाचे दिग्दर्शन हाँगकाँगचे चांग सिन-येन यांनी केले होते, आणि चित्रीकरण हनान प्रांतातील खऱ्या शाओलिन मठात झाले. परंपरेनुसार इसवी सन ४९५ मध्ये एका भारतीय भिक्षूसाठी उभारला गेलेला हा मठ सोंगशान पर्वताच्या पायथ्याशी आहे. १९२८ साली एका युद्धखोर सरदाराच्या सैन्याने लावलेल्या आगीत त्याच्या प्रमुख इमारती भस्मसात झाल्या आणि पुढील राजकीय उलथापालथीत उरल्यासुरल्या वैभवालाही ओहोटी लागली. कथेचा गाभा मात्र इतिहासातला आहे. मठाच्या आवारात इसवी सन ७२८ चा एक शिलालेख असून, ६२१ साली मठातील भिक्षूंनी तांग घराण्याचा राजपुत्र ली शिमिन याला त्याचा प्रतिस्पर्धी वांग शिचोंग याच्याविरुद्ध साहाय्य केले आणि वांगचा पुतण्या रेनत्झे याला पकडून दिले, असे त्यात नमूद आहे. तेरा भिक्षूंची नावेही त्यावर कोरलेली आहेत. चित्रपटातील खलनायक हाच रेनत्झे, आणि नायकाचा गुरू थानत्सोंग हे त्या तेरा नावांपैकी एक. रेनत्झेने बापाला ठार मारल्यावर मठात आश्रय घेणारा, तेथे ज्वेयुआन या नावाने भिक्षू होऊन युद्धकला शिकणारा आणि अखेर सूड उगवणारा तरुण ही जेट ली यांची भूमिका.

चीनमधील प्रेक्षकांच्या उत्साहाचे मर्म समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शांघायच्या मूकपटांच्या काळात, १९२८ पासून, ‘रेड लोटस टेंपल’ची चित्रपटमालिका इतकी गाजली की मुले घरे सोडून गुरूच्या शोधात डोंगरांकडे निघाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि १९३१ च्या सुमारास तत्कालीन सरकारने अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा म्हणून हा प्रकारच बंद पाडला. पुढे साम्यवादी राजवटीतही अशा चित्रपटांना स्थान नव्हते. म्हणजे १९८२ साली चित्रपटगृहात बसलेल्या चिनी प्रेक्षकाच्या दोन पिढ्यांनी आपल्याच भूमीवर, आपल्याच माणसांनी केलेला युद्धकलेचा चित्रपट मोठ्या पडद्यावर जवळजवळ पाहिलाच नव्हता, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तर मोजक्या आदर्श नाट्यकृतींखेरीज करमणूक म्हणून फारसे काही शिल्लक नव्हते. अशा प्रेक्षकासमोर पर्वत, मठ, घोडे, शस्त्रे आणि हसरा, चपळ, अठरा-एकोणीस वर्षांचा नायक एकाच वेळी आले. तिकीट अनेक ठिकाणी एक जियाव, म्हणजे युआनचा दहावा भाग, इतके स्वस्त होते. चीनच्या चित्रपटविषयक लेखनात या चित्रपटाच्या उत्पन्नाचा आकडा सोळा कोटी युआनच्या आसपास दिला जातो, आणि तिकिटाचा दर पाहता त्यामागे प्रेक्षकांची केवढी प्रचंड संख्या असेल याची कल्पना येते. झेंग शूलान यांनी गायलेले त्यातील मेंढपाळ मुलीचे गीत देशभर घरोघरी पोहोचले.

या प्रेक्षकांचे मत त्यांच्या बोलण्यापेक्षा कृतीतून अधिक दिसले. शाळकरी मुले घरून पळून डेंगफेंग गावाकडे, शाओलिनच्या वाटेने निघाली; पन्नास वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी मठ खरा होता आणि तेथे पोहोचता येत होते. मठात पर्यटकांची रीघ लागली, आसपास युद्धकलेच्या निवासी शाळा वाढत गेल्या आणि त्यांतून आज हजारो विद्यार्थी शिकतात. एखाद्या नटाच्या पहिल्या चित्रपटाने एका गावाचा व्यवहार इतका बदलून टाकल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

हे सारे नुसत्या कुतूहलातून घडले असे मानणे अन्यायाचे होईल, कारण पडद्यावर जे दिसत होते त्याची गुणवत्ता असामान्य होती. चांग सिन-येन यांनी प्रमुख भूमिकांसाठी व्यावसायिक नटांऐवजी बहुतांशी वूशूचे खेळाडू निवडले: थानत्सोंगच्या भूमिकेतील यू हाय हे प्रार्थनाकीटकाच्या (मँटिसच्या) हालचालींवर बेतलेल्या मुष्टिपद्धतीचे नावाजलेले जाणकार होते, आणि रेनत्झे साकारणारे यू चेंगहुई तलवारीत निष्णात होते. त्यामुळे कॅमेऱ्याला लपवाछपवी करण्याची गरज उरली नाही. नायक निरनिराळी शस्त्रे घेऊन ऋतूंमागून ऋतू सराव करतो त्या दृश्यमालिकेत कॅमेरा पुरेसा दूर उभा राहतो, डोक्यापासून पावलांपर्यंत सारे शरीर चौकटीत ठेवतो, आणि हालचालींचा एक सबंध क्रम न तोडता दाखवतो. काठी जमिनीवर आपटते तेव्हा ती कोणाच्या हातात आहे, उडी घेणारा आणि जमिनीवर उतरणारा माणूस एकच आहे की नाही, याविषयी प्रेक्षकाला शंका घेण्याचे कारणच राहत नाही. रेनत्झे मद्यधुंद माणसासारखा झोकांड्या खात तलवार चालवतो, तेव्हा प्रत्येक झोकांडीच्या अखेरीस पाते नेमक्या जागी थांबते. चित्रपटाच्या बाजूने बोलणारे प्रेक्षक आजही याच दृश्यांचा दाखला देतात, आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त आहे.

हाँगकाँगमध्ये मात्र युद्धकलेच्या चित्रपटाचे अप्रूप उरलेले नव्हते. शॉ बंधूंच्या चित्रसंस्थेने शाओलिनवर चित्रपटांमागून चित्रपट काढले होते, लाउ कार-लेउंग यांचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ आणि जॅकी चॅन यांचा ‘ड्रंकन मास्टर’ हे दोन्ही १९७८ सालीच येऊन गेले होते, आणि तेथील प्रेक्षकाची नजर ऑपेरा-विद्यालयांतून तयार झालेल्या नटांच्या तालबद्ध, वेगवान, संकलनाने धारदार केलेल्या मारामारीला सरावलेली होती. शॉ बंधूंचा शाओलिन स्टुडिओतील देखाव्यांतून उभा राहिलेला होता. इथे दगडी पायऱ्या खऱ्या होत्या आणि बर्फही खरे होते. म्हणून उत्सुकता प्रचंड होती, आणि चित्रपटाने हाँगकाँगमध्येही दीड कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. तरीही तिथल्या चोखंदळ प्रेक्षकाचा एक आक्षेप महत्त्वाचा आहे: इथे दोन माणसे एकमेकांशी झुंजत नसून एकमेकांच्या शेजारी उभे राहून प्रात्यक्षिक करीत आहेत, असे मधूनमधून वाटते. घाव बसणाऱ्याच्या अंगात त्याची वेदना दिसत नाही, आणि मारणाऱ्याच्या हालचालीत गरजेपेक्षा अधिक डौल असतो. ताओलूच्या शिक्षणाचा हा थेट परिणाम आहे. परीक्षकांपुढे सादर केलेल्या क्रमात प्रतिस्पर्ध्याला इजा करण्याची घाई नसते, आणि तो संथ, पूर्ण आकार चित्रपटातील सुडाच्या प्रसंगात उतरला की राग थोडा पातळ होतो.

कथेविषयीची तक्रार अधिक सर्वत्र ऐकू येते, विशेषतः पाश्चात्य प्रेक्षकांकडून, ज्यांच्यापैकी अनेकांनी हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर किंवा ‘लेथल वेपन ४’ या १९९८ च्या चित्रपटाने जेट ली त्यांच्या ओळखीचे झाल्यावर पाहिला. सूडकथेचा साचा त्यांना शिळा वाटला, सुष्ट-दुष्टांची विभागणी भाबडी वाटली. नायकाच्या हातून मेंढपाळ मुलीचा कुत्रा मारला जातो आणि मग भिक्षू त्याचे मांस चोरून खातात, हा विनोदाच्या अंगाने रंगवलेला प्रसंग तर अनेकांना रुचलाच नाही. चिनी प्रेक्षकाला त्याच प्रसंगात कडक नियमांत राहणाऱ्या भिक्षूंचे माणूसपण दिसले आणि त्यातील एक संवाद लोकांच्या तोंडी बसला. हा मतभेद चवीचा आहे आणि तो मिटण्याजोगा नाही; मात्र पटकथा विस्कळीत आहे, मधले प्रसंग सरावाच्या दृश्यांना जोडण्यापुरते लिहिले आहेत, हा आक्षेप कोणत्याही देशातील प्रेक्षकाने घेतला तरी मान्यच करावा लागेल.

राहिला प्रश्न अभिनयाचा. नवखा नट दुःखाच्या प्रसंगी अवघडतो आणि विनोदात मोकळा होतो, हे बहुतेकांचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु त्यावरून ‘हा खेळाडू आहे, नट नव्हे’ असा निकाल देणाऱ्यांनी शेवटच्या दीक्षाविधीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. मठाधिपती एकेक व्रत उच्चारून ते आजन्म पाळता येईल का, असे विचारतात; ब्रह्मचर्याच्या व्रताची वेळ येते तेव्हा ती मेंढपाळ मुलगी, म्हणजे आता दिवंगत झालेल्या गुरूची कन्या, तेथे आलेली असते, आणि ज्वेयुआनला होकार द्यायचा असतो. या प्रसंगात लाथ नाही, उडी नाही, शस्त्र नाही. चेहरा जवळजवळ स्थिर ठेवून तो तरुण होकार देतो, आणि चिनी प्रेक्षकांच्या आठवणीत मारामारीच्या दृश्यांइतकाच हा प्रश्नोत्तरांचा विधी टिकून राहिला आहे. दशकभरानंतर त्सुई हार्क यांच्या चित्रपटात वाँग फे-हुंग या लोकप्रिय वैद्य-योद्ध्याच्या भूमिकेत जेट ली यांची जी धीरगंभीर स्तब्धता सर्वांनी वाखाणली, तिचे बीज इथे आहे.

त्सुई हार्क यांचा तो चित्रपट, ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’, १९९१ साली आला आणि पदार्पणाविषयीची चर्चा नव्याने पेटली. त्यात नटाला अदृश्य तारांनी उचलून हवेत झेपावताना दाखवण्याचे तंत्र मुक्तपणे वापरले होते, आणि चित्रीकरणात ली यांच्या पायाला दुखापत झाल्याने शिड्यांवरील शेवटच्या द्वंद्वात काही भाग बदली कलाकाराने केला होता. चित्रपट म्हणून तो पहिल्यापेक्षा सर्वार्थाने सरस आहे: त्यातील पात्रे जिवंत आहेत, वसाहतवादाच्या सावलीतला काळ त्यात नेमका उभा राहतो, आणि मारामारीलाही भावनेचे वजन आहे. असे असूनही ‘शाओलिन टेंपल’ आधी पाहिलेल्या प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग तारांवर नाराज राहिला, कारण ज्या शरीराला कोणत्याही आधाराची गरज नव्हती ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ही नाराजी जुन्या आठवणींच्या हट्टातून आलेली आहे असे म्हणून ती सोडून देता येत नाही. युद्धकलेचा चित्रपट आवडणाऱ्या माणसाची मूळ मागणीच तीत व्यक्त झाली आहे. २००३ साली थायलंडचे टोनी जा ‘ओंग-बाक’मधून प्रथमच नायक म्हणून आले तेव्हा त्या चित्रपटाची जाहिरातच मुळी तारा नाहीत, बदली कलाकार नाहीत, संगणकीय करामत नाही या तीन नकारांवर उभी होती, आणि प्रेक्षकांनी त्या नव्या नटाला तिकडेही कथा दुबळी असल्याची तक्रार करीत करीतच स्वीकारले.